दाब वाढवायचा की तार बदलायची? वर्कशॉपसाठी स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर निवडताना

धाराशिव : साखर कारखान्यांचा गळीत हंगाम जवळ आला की जिल्ह्यातील वर्कशॉपमध्ये कामाची झुंबड उडते. उसाच्या ट्रॉल्यांची डागडुजी, बैलगाड्यांचे आस, रोटाव्हेटरची पाती, पेरणीयंत्रांची जोडणी अशी कामे ढोकी, कळंब, परंडा, उमरगा, तुळजापूर या पट्ट्यात रात्री उशिरापर्यंत सुरू असतात. नेमक्या याच काळात अनेक ठिकाणी सायंकाळी विजेचा दाब खाली येतो. लेथचा आवाज बसतो, वेल्डिंगची ठिणगी तुटते, कॉम्प्रेसरची मोटार नुसतीच गुणगुणते आणि तासाभरात वाइंडिंगचा जळका वास येऊ लागतो. मोटार रिवाइंडिंगला जाते आणि हंगामातील दोन-तीन दिवस वाया जातात.

अशा वेळी बाजारातून हमखास एक सल्ला मिळतो, "एक स्टेप-अप बसवून टाका." हा सल्ला कधी बरोबर ठरतो, कधी निरुपयोगी ठरतो, तर कधी चांगले यंत्रही जाळून टाकतो. त्यामुळे कर्ज काढून हजारो रुपयांचा ट्रान्सफॉर्मर घेण्यापूर्वी तो नेमके काय करतो आणि काय करू शकत नाही, हे समजून घेणे प्रत्येक वर्कशॉपधारकाच्या हिताचे आहे.

दाब वाढतो, वीज वाढत नाही

ट्रान्सफॉर्मर, म्हणजेच महावितरणच्या भाषेत रोहित्र, लोखंडी पत्र्यांच्या गाभ्यावर गुंडाळलेल्या तारांच्या वेढ्यांवर चालते. आत येणाऱ्या बाजूपेक्षा बाहेर जाणाऱ्या बाजूला वेढे जास्त असतील तर दाब वाढतो, कमी असतील तर उतरतो. भूम, वाशी परिसरातील माळांवर उभ्या असलेल्या पवनचक्क्यांच्या पायथ्याशी हेच घडते. मोठ्या पवनचक्कीत साधारणपणे ६९० व्होल्टवर तयार होणारी वीज तेथेच ३३ हजार व्होल्टपर्यंत चढवून वाहिनीत सोडली जाते. गावातील डीपीवर याच्या उलट काम चालते. ११ हजार व्होल्टची वीज ४३३ व्होल्टवर उतरते.

मात्र या देवघेवीत शक्ती वाढत नाही. जितका दाब वाढेल, तितका आत येणारा प्रवाह वाढतो. समजा, सायंकाळी वर्कशॉपमध्ये १८० व्होल्ट येतात आणि यंत्राला २३० व्होल्टवर २० अँपिअर हवे आहेत. यंत्राची गरज ४ हजार ६०० व्होल्ट-अँपिअर झाली. ती १८० व्होल्टवरून भागवायची तर पुरवठ्याच्या तारेतून किमान साडेपंचवीस अँपिअर ओढावे लागतात. ट्रान्सफॉर्मरमधील घट वेगळीच. तार आधीच बारीक असेल तर वाढलेल्या प्रवाहाने तिच्यातच अधिक दाब खर्ची पडतो आणि १८० चे १७० होतात. त्याच वाहिनीवरील शेजाऱ्याचे दिवेही मंदावतात.

स्टेप-अप ट्रान्सफॉर्मरमुळे सिंगल फेजचे थ्री फेज होत नाही आणि विजेची वारंवारताही बदलत नाही. या दोन गैरसमजांपोटी बरेच पैसे वाया जातात. त्यांचा विचार पुढे केला आहे.

आधी मोजमाप, मग खरेदी

कमी दाबाचा मोटारीवर होणारा परिणाम वरवर वाटतो त्यापेक्षा मोठा असतो. इंडक्शन मोटारीची फिरवण्याची ताकद दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. दाब २० टक्के घटला तर ताकद १०० वरून ६४ वर येते. काम तेवढेच असेल तर प्रवाह साधारण सव्वापट होतो आणि वेढ्यांत निर्माण होणारी उष्णता दीडपटीहून अधिक वाढते. मोटार जळते ती यामुळे. तरीही दाब कोठे कमी होतो, हे शोधल्याशिवाय उपाय ठरवता येत नाही.

त्यासाठी साधा मल्टीमीटर आणि टाँग टेस्टर पुरेसा आहे. मात्र चालू विजेवरील हे मोजमाप परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. मीटरजवळ यंत्रे बंद असताना आणि सुरू असताना, तसेच यंत्राच्या स्टार्टरवर ते सुरू असताना, असे तीन आकडे घ्यावेत. सकाळी, दुपारी, सायंकाळी आणि मध्यरात्रीनंतर असे किमान चार-पाच दिवस ते वहीत लिहून ठेवावेत. ज्या वाहिन्यांवर शेतीपंप दिवसा चालतात, तेथे दुपारचा आकडा विशेष महत्त्वाचा ठरतो.

या वहीतून निदान बऱ्यापैकी स्पष्ट होते. मीटरवर दाब ठीक आणि यंत्रावर कमी असेल तर दोष वर्कशॉपच्या स्वतःच्या वायरिंगमध्ये आहे. यंत्रे बंद असताना मीटरवर दाब ठीक आणि सुरू करताच घसरत असेल तर खांबापासून मीटरपर्यंतची सर्व्हिस वायर, तिचे सांधे किंवा लघुदाब वाहिनी कमकुवत आहे. यंत्रे बंद असतानाही दाब कमी असेल तर रोहित्रावरील भार किंवा वाहिनीची लांबी हे कारण असते. एका फेजवर दाब फार कमी आणि दुसऱ्यावर फार जास्त दिसत असेल तर न्यूट्रल सैल अथवा तुटलेला असण्याची शक्यता मोठी असते. ही स्थिती धोकादायक आहे. अशा वेळी यंत्रे बंद ठेवून प्रथम न्यूट्रल दुरुस्त करून घ्यावा. त्यावर ट्रान्सफॉर्मर बसवणे म्हणजे दुखण्यात भर घालणे होय.

तारेचा हिशेब

अनेक वर्कशॉपमध्ये मीटर रस्त्याकडेच्या गाळ्यात आणि यंत्रे मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये असतात. मीटरपासून यंत्र ६० मीटरवर आहे, भार सिंगल फेजवर २० अँपिअर आहे आणि तार अडीच चौरस मिलिमीटर तांब्याची आहे, असे धरू. जाण्या-येण्याची मिळून १२० मीटर तार झाली. तिचा रोध सुमारे ०.८९ ओहम भरतो आणि जवळपास १८ व्होल्ट तारेतच खर्ची पडतात. चार चौरस मिलिमीटरच्या तारेत हीच घट ११ व्होल्टवर येते, तर दहा चौरस मिलिमीटरच्या तारेत साडेचार व्होल्टच्या आत राहते. अशा ठिकाणी जाड तार टाकणे हाच योग्य आणि कायमचा उपाय ठरतो. तार तापणे थांबल्याने आगीचा धोकाही घटतो.

दुसरा संशयित वेल्डिंगचा जुना सेट. तांब्या-लोखंडाचा अवजड ट्रान्सफॉर्मर असलेला हा सेट २०० अँपिअरवर चालवला आणि त्याचा खुला दाब ७५ व्होल्ट असला तर तो पुरवठ्यातून सुमारे १५ केव्हीए ओढतो. तोही बहुधा दोनच फेजमधून, त्यामुळे तिन्ही फेजचा तोल बिघडतो. त्याच क्षणी शेजारच्या लेथची मोटार अडखळते. त्याऐवजी इन्व्हर्टर पद्धतीचा वेल्डिंग सेट घेतला तर तेवढ्याच कामासाठी पुरवठ्यावरील भार बराच कमी होतो. लेथसाठी ट्रान्सफॉर्मर घेण्याच्या विचारात असलेल्याने वेल्डिंग बंद ठेवून एकदा लेथवरील दाब मोजून पाहावा. काही वेळा लेथचा रोग वेल्डिंगच्या कोपऱ्यात सापडतो.

महावितरणकडे तक्रार केव्हा

मीटरपर्यंत योग्य दाबाची वीज पोहोचवणे ही वितरण कंपनीची जबाबदारी आहे. लघुदाब ग्राहकाला घोषित दाबापेक्षा सहा टक्के कमी किंवा अधिक, या मर्यादेत पुरवठा मिळावा, असा निकष आहे. २३० व्होल्टच्या हिशेबाने ही मर्यादा २१६ ते २४४ व्होल्ट आणि ४०० व्होल्टच्या हिशेबाने ३७६ ते ४२४ व्होल्ट अशी येते. यंत्रे बंद असतानाही दाब सातत्याने याखाली असेल तर मोजमापाची वही जोडून महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात लेखी तक्रार करावी आणि पोच घ्यावी. १९१२ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. रोहित्राचा टॅप बदलणे, भार तिन्ही फेजवर समान वाटणे, सैल सांधे दुरुस्त करणे, रोहित्राची क्षमता वाढवणे हे उपाय कंपनीच्या हातात आहेत. तेवढ्याने प्रश्न न सुटल्यास ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल असा मार्ग खुला आहे.

वर्कशॉपचा मंजूर भार आणि प्रत्यक्ष भार यांचा मेळही याच वेळी घालून घ्यावा. पाच अश्वशक्ती मंजूर असताना पंधरा अश्वशक्तीची यंत्रे जोडली असतील तर तक्रारीला बळ उरत नाही. शिवाय वीज कायदा २००३ नुसार अनधिकृत वापराच्या आकारणीला सामोरे जावे लागते.

रात्रीचा धोका

सर्व दुरुस्त्या करूनही दाब कमीच राहत असेल तेव्हा दाब वाढवणाऱ्या साधनाचा विचार रास्त ठरतो. येथे सर्वांत महत्त्वाची गोष्ट लक्षात ठेवावी लागते. साध्या स्टेप-अप ट्रान्सफॉर्मरचे गुणोत्तर कायम असते. १८० चे २३० करणारा ट्रान्सफॉर्मर आत येणारा दाब सव्वापटीहून किंचित अधिक करतो. सायंकाळी हे ठीक. पण रात्री अकरानंतर गावातील भार उतरला आणि दाब २५० व्होल्टवर गेला तर तोच ट्रान्सफॉर्मर यंत्राला सुमारे ३२० व्होल्ट देईल. सीएनसीचा नियंत्रक, दिवे, स्टार्टरची कॉइल, चार्जर या सर्वांचा बळी त्यात जाऊ शकतो. रोहित्राच्या जवळ भाररहित स्थितीत फेजला २५० व्होल्ट मिळणे ही असामान्य बाब नाही. कारण रोहित्राचा ४३३ व्होल्टचा दाब एका फेजला तेवढाच भरतो.

म्हणून ठरवण्याचा नियम सोपा आहे. दाब दिवसरात्र जवळपास सारखाच कमी असेल, किंवा यंत्राचीच गरज आपल्या पुरवठ्यापेक्षा वेगळी असेल, तर कायम गुणोत्तराचा ट्रान्सफॉर्मर चालतो. दाब चढ-उतार करीत असेल तर सर्व्हो स्टॅबिलायझर घ्यावा. त्यात छोटी मोटार दाबाप्रमाणे जोडणी सतत सरकवते आणि बाहेरचा दाब स्थिर राहतो. सर्व्हो स्टॅबिलायझरसाठी आयएस ९८१५ हे भारतीय मानक आहे. खरेदी करताना वहीतील किमान आणि कमाल आकडा विक्रेत्याला दाखवून त्या कक्षेचाच स्टॅबिलायझर मागावा. थ्री फेज यंत्रांसाठी प्रत्येक फेज स्वतंत्रपणे सावरणारा प्रकार ग्रामीण भागात अधिक उपयोगी पडतो, कारण येथे तिन्ही फेज क्वचितच समान असतात.

परदेशी यंत्र आणि पाटीवरील आकडे

स्टेप-अप ट्रान्सफॉर्मरची खरी गरज बहुधा आयात केलेल्या जुन्या यंत्रांमुळे उद्भवते. मोठ्या शहरांतील जुन्या यंत्रांच्या बाजारातून लेथ, मिलिंग यंत्रे वा सीएनसी आणताना यंत्रावरील पाटी वाचणे अत्यावश्यक आहे. युरोपातील यंत्र ४०० व्होल्ट, ५० हर्ट्झचे असेल तर ते आपल्याकडे थेट चालते. जपानी यंत्र बहुधा २०० व्होल्टचे असते. त्याला दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो. अमेरिकी यंत्रावर ४६० व्होल्ट, ६० हर्ट्झ असे लिहिलेले असते आणि येथेच फसगत होते.

४६० आकडा पाहून ४१५ चे ४६० करणारा ट्रान्सफॉर्मर घेण्याचा मोह होतो. परंतु मोटारीच्या गाभ्यातील चुंबकत्व दाब आणि वारंवारता यांच्या गुणोत्तरावर ठरते. ४६० ला ६० ने भागून ५० ने गुणले तर ३८३ व्होल्ट येतात. म्हणजे आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर त्या मोटारीला ३८३ व्होल्टच्या आसपासच दाब हवा. ४१५ व्होल्टही तिला थोडे जास्तच होतात. ४६० दिल्यास गाभा संपृक्त होऊन मोटार विनाकारण तापेल. शिवाय वेग मिनिटाला १ हजार ७५० फेऱ्यांवरून सुमारे १ हजार ४५० वर येईल, त्यामुळे पुल्या किंवा गिअर बदलावे लागतील. याउलट ज्या सीएनसी यंत्रातील ड्राइव्ह विजेचे आधी डीसीत रूपांतर करते आणि ज्याच्या पाटीवर ५०/६० हर्ट्झ असे दोन्ही आकडे आहेत, तेथे ४१५ चे ४६० करणारा ट्रान्सफॉर्मर योग्य ठरतो. एकाच यंत्रात साध्या मोटारी आणि ड्राइव्ह दोन्ही असतील तर प्रत्येकाचा स्वतंत्र विचार करावा लागतो.

सिंगल फेजवर थ्री फेज यंत्र

शेतीवाहिनीवर थ्री फेज वीज ठरावीक तासच मिळते. अशा भागातील वर्कशॉपधारकांना सिंगल फेजवर यंत्र चालवण्याची गरज वाटते. तेव्हा '२३० चे ४१५ करणारा ट्रान्सफॉर्मर' विचारला जातो. तो मिळतोही. पण त्यातून निघणारे ४१५ व्होल्ट सिंगल फेजच असतात. त्यावर थ्री फेज मोटार सुरू होत नाही, उभ्या उभ्या जळते.

लहान मोटारींसाठी येथे व्हीएफडी हा उपाय आहे. २३० व्होल्ट सिंगल फेज घेऊन २३० व्होल्ट थ्री फेज देणाऱ्या व्हीएफडीवर साधारण तीन अश्वशक्तीपर्यंतची मोटार चांगली चालते. मात्र मोटारीची आतील जोडणी स्टारऐवजी डेल्टा करावी लागते आणि त्यासाठी पाटीवर २३०/४१५ असे दोन्ही दाब लिहिलेले असले पाहिजेत. मोठ्या यंत्रांसाठी रीतसर थ्री फेज औद्योगिक जोडणी घेणेच अखेरीस स्वस्त पडते.

क्षमता किती घ्यावी

ट्रान्सफॉर्मरची क्षमता केव्हीएमध्ये मोजतात. ढोबळमानाने एका अश्वशक्तीच्या मोटारीला १.१ केव्हीए धरावेत. पाच अश्वशक्तीचा लेथ, तीनचा कॉम्प्रेसर आणि एकचे ड्रिल असे एकत्र चालणार असतील तर बेरीज जवळपास १० केव्हीए होते. पण थेट स्टार्टरवरील मोटार सुरू होताना काही क्षण सुमारे सहापट प्रवाह ओढते. पाच अश्वशक्तीची मोटार त्या क्षणी ३० केव्हीएच्या पुढे जाते आणि १० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर दाब टिकवू शकत नाही. म्हणून १५ केव्हीएचा घ्यावा आणि मोठ्या मोटारी एकाच वेळी सुरू करू नयेत. स्टार-डेल्टा स्टार्टर बसवल्यास सुरुवातीचा प्रवाह एक तृतीयांशावर येतो. वेल्डिंगचा जुना सेट याच ट्रान्सफॉर्मरवर घालू नये.

गरजेपेक्षा फार मोठा ट्रान्सफॉर्मर घेणेही शहाणपणाचे नाही. यंत्रे बंद असली तरी गाभ्यातील घट चालूच राहते. ती १०० वॉट धरली तरी महिनाभरात ७२ युनिट होतात. काम संपल्यावर ट्रान्सफॉर्मरचा स्विच बंद करण्याची सवय लावावी.

ऑटो की स्वतंत्र वेढ्यांचा?

बाजारात दोन प्रकार मिळतात. ऑटो ट्रान्सफॉर्मरमध्ये आतल्या आणि बाहेरच्या बाजूचे वेढे सामाईक असतात. ३८० चे ४१५ करायचे असतील तर १० केव्हीए भारासाठी प्रत्यक्ष एक केव्हीएहून कमी क्षमतेचा गाभा पुरतो. त्यामुळे तो हलका आणि स्वस्त असतो. पण तो पुरवठ्यापासून यंत्राला अलग करीत नाही. सामाईक न्यूट्रल तुटल्यास नको त्या ठिकाणी घातक दाब येऊ शकतो.

दोन स्वतंत्र वेढ्यांचा, म्हणजे आयसोलेशन प्रकार, महाग आणि जड असला तरी सीएनसीसारख्या नाजूक यंत्रांना तोच श्रेयस्कर. मात्र त्याच्या बाहेरच्या बाजूचा न्यूट्रल बिंदू रीतसर अर्थिंगला जोडावा लागतो. तो मोकळा सोडला तर यंत्राच्या सांगाड्यात वीज उतरल्यावर गळतीरोधक स्विच काम करणार नाही. ओल्या फरशीवर, लोखंडी चुऱ्यात उभा राहून काम करणाऱ्या कारागिराच्या जिवाचा हा प्रश्न आहे.

खरेदीच्या वेळी

विक्रेत्याकडून लेखी दरपत्रक घ्यावे. त्यात आतील व बाहेरील दाब, फेज, वारंवारता, सतत चालण्याची केव्हीए क्षमता, वेढे तांब्याचे की अॅल्युमिनियमचे, इन्सुलेशनचा वर्ग, भाररहित घट आणि हमीचा काळ नमूद असावा. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमधील तापमान ध्यानात घेऊन एफ किंवा एच वर्गाचे इन्सुलेशन मागावे. एफ वर्ग १५५ अंश, तर एच वर्ग १८० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतो. गुणोत्तर थोडे बदलता यावे म्हणून टॅप असावेत. ट्रान्सफॉर्मर भिंतीपासून दूर, हवेशीर आणि घासकामाच्या चुऱ्यापासून सुरक्षित जागी ठेवावा. तो चालू करतानाचा क्षणिक प्रवाह मोठा असल्याने आतल्या बाजूस सी किंवा डी प्रकारचा एमसीबी लागतो. बाहेरच्या बाजूस स्वतंत्र संरक्षण आणि मोटारींसाठी सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर असावा. हे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे.

थोडक्यात, क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम वही आणि मोजमाप, मग स्वतःची तार व सांधे, त्यानंतर महावितरणकडे तक्रार आणि यंत्राच्या पाटीचे वाचन. एवढे झाल्यावरही गरज उरली तर दाब स्थिर आहे की अस्थिर, हे पाहून ट्रान्सफॉर्मर किंवा स्टॅबिलायझर निवडावा. हंगामाच्या तोंडावर घाईत घेतलेल्या साधनापेक्षा पाच दिवस भरलेली वही वर्कशॉपधारकाचे अधिक पैसे वाचवू शकते. मीटरजवळच्या खिळ्याला ती वही आजपासूनच टांगायला हरकत नाही.